डिशला हात सगळ्यात शेवटी : फ्री डिशचा सिग्नल गेल्यावर काय, कुठं आणि कोणत्या क्रमानं तपासायचं

टीव्हीवर ‘नो सिग्नल’ आलं की घरातलं कोणीतरी गच्चीवर जातं आणि डिश हलवून बघतं. साधा बिघाड अवघड होतो तो इथंच. वर्षानुवर्षं नीट चाललेली डिश वादळ, वानरं किंवा माणसाचा धक्का यांशिवाय सहसा जागा सोडत नाही. गंजतात ते कनेक्टर, पाणी पितात त्या केबली आणि बदलतात ती रिमोटवरून झालेली सेटिंगं. त्यातच डिश हलवली की मूळ दोष तसाच राहतो आणि वर चुकलेल्या दिशेची भर पडते. मग कनेक्टर बदलला तरी चित्र येत नाही, आणि ‘कनेक्टर तर ठीक होता’ असा उलटा निष्कर्ष निघतो.

म्हणून खालच्या पायऱ्या टीव्हीपासून सुरू होऊन आकाशाकडे जातात. ज्या पायरीला चित्र आलं, तिथं थांबा.

हे सगळं डीडी फ्री डिश आणि ६० ते ९० सेंटिमीटरची घरगुती डिश डोळ्यापुढं ठेवून लिहिलं आहे. ही सेवा जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर उभा आहे. पैसे भरायची डीटीएच सेवा असेल तर आधी रिचार्ज संपलाय का ते बघा. पहिल्या सहा पायऱ्या तिथंही बऱ्याचशा लागू पडतात, दिशा मात्र वेगळी असते.

हाताशी काय हवं

- १० आणि १३ नंबरचा पाना (डिशचे बहुतेक बोल्ट एवढेच असतात), पक्कड, धारदार कटर
- आरजी-६ केबलचा (डिशपासून बॉक्सपर्यंत येणारी जाड गोल केबल) दोन-तीन मीटरचा तुकडा, दोन्ही टोकांना चांगले एफ कनेक्टर (नटासारखे फिरवून लावायचे) लावलेला
- चार-पाच नवे एफ कनेक्टर, एक जॉइंटर (दोन कनेक्टर एकमेकांना जोडणारा), आणि ताणून गुंडाळायची रबरी सीलिंग टेप
- साधा मल्टिमीटर
- होकायंत्र (मोबाइलमधलं चालेल), ओळंबा किंवा लेव्हल
- पक्की शाई असलेला मार्कर
- गच्चीवर आणि टीव्हीसमोर अशी दोन माणसं, दोघांकडे फोन

सॅटेलाइट फाइंडर नावाचं पिपाणीसारखं वाजणारं स्वस्त यंत्र नसलं तरी अडत नाही. ते कोणत्याही उपग्रहाला बघून वाजतं. हाच आपला उपग्रह, हे त्याला कळत नाही.

शेवाळलेल्या गच्चीवर, ओल्या पत्र्यावर, विजा चमकत असताना किंवा वरून विजेच्या तारा जात असतील अशा जागी यातलं काहीही करू नका. कठडा नसलेल्या स्लॅबवर एकट्यानं चढू नका.

१. ‘नो सिग्नल’ कोण म्हणतंय?

रिमोटवर मेन्यू दाबा. सेट-टॉप बॉक्सचा मेन्यू पडद्यावर आला तर टीव्ही आणि बॉक्स यांचं नातं ठीक आहे. सिग्नल वरून येत नाही. मेन्यूच आला नाही तर डिशचा काही संबंध नाही. टीव्हीचा इनपुट बदलला गेलाय, एचडीएमआय किंवा एव्हीची वायर सैल आहे किंवा बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर गेला आहे.

सगळ्या वाहिन्या चालू आहेत आणि दोन-चारच गेल्या आहेत, असं असेल तरीही गच्चीवर जायचं कारण नाही. फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावानं दिल्या जातात आणि बहुतेक वर्षी एप्रिलपासून नवं वाटप लागू होतं. वाहिनी निघून गेलेली असते किंवा जागा बदललेली असते. बॉक्समध्ये नव्यानं स्कॅन करा. जुन्या एमपेग-२ बॉक्सवर एमपेग-४ या नव्या स्वरूपातल्या वाहिन्या दिसणारच नाहीत. तो बिघाड नाही.

२. दोन पट्ट्या वाचायला शिका

मेन्यूमध्ये इन्स्टॉलेशन, अँटेना किंवा सिग्नल असं काहीतरी पान असतं. तिथं स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी अशा दोन पट्ट्या दिसतात. बहुतेक गोंधळ स्ट्रेंग्थ बघून होतो.

स्ट्रेंग्थ म्हणजे केबलमधून बॉक्सपर्यंत पोचलेली एकूण ऊर्जा. त्यात एलएनबीचा, म्हणजे डिशसमोर दांड्याच्या टोकाला बसवलेल्या सिग्नल पकडणाऱ्या डब्याचा, स्वतःचा गोंगाटही मोजला जातो. डिश भिंतीकडे तोंड करून ठेवली तरी ही पट्टी अर्ध्याच्या वर असू शकते. क्वालिटी म्हणजे त्या गोंगाटातून बॉक्सला खरोखर वाचता आलेला सिग्नल. चित्र येतं ते क्वालिटीवर.

- स्ट्रेंग्थ जवळजवळ शून्य, क्वालिटी शून्य : केबल तुटली आहे, कनेक्टर सुटला आहे, एलएनबीला वीज पोचत नाही किंवा एलएनबी मेला आहे.
- स्ट्रेंग्थ चांगली, क्वालिटी शून्य : डिश हलली आहे, समोर अडथळा आहे किंवा बॉक्समधलं सेटिंग चुकलं आहे.
- क्वालिटी आहे पण कमी, चित्र चौकोन-चौकोन होऊन फुटतं : कनेक्टरमध्ये ओल, डिश किंचित सरकलेली किंवा पाऊस.
- ‘एलएनबी शॉर्ट’ असा संदेश : कनेक्टरमध्ये केबलच्या आवरणाखालच्या तारांच्या जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकला आहे. बॉक्स ताबडतोब मेन स्विचवरून बंद करा.

त्याच पानावर सेटिंग तपासा. एलएनबी युनिव्हर्सल, म्हणजे ९७५०/१०६००. एलएनबीच्या अंगावर एल.ओ. म्हणून छापलेला आकडा आणि इथला आकडा एकच हवा. एलएनबी पॉवर ऑन. २२ के ऑटो. केबलवर अनेक एलएनबींतून एक निवडणारा स्विच नसेल तर डायसेक (त्या स्विचचं सेटिंग) ऑफ. तपासणीसाठी ११०९० मेगाहर्ट्झ, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० हा ट्रान्सपाँडर (उपग्रहावरचा वाहिन्यांचा एक गट) निवडा.

इथला सापळा फार महाग पडतो : क्वालिटी शून्य असताना फॅक्टरी रिसेट करू नका आणि नव्यानं स्कॅनही करू नका. बॉक्सला काही सापडणार नाही, आणि बऱ्याच बॉक्समध्ये जुनी यादी पुसली जाते. क्वालिटी आली की मगच स्कॅन.

३. बाहेर जाण्याआधी आकाशाचा विचार

मुसळधार पावसात केयू बँडचा, म्हणजे या डिशवर येणाऱ्या लहरींच्या पट्ट्यातला, सिग्नल जातोच. या लहरींची लांबी जेमतेम अडीच-पावणेतीन सेंटिमीटर असते आणि पावसाचे थेंब त्या शोषतात, विखुरतात. सर ओसरल्यावर चित्र परत आलं तर काही बिघडलेलं नाही. पाऊस थांबून तासभर झाला तरी आलं नाही, तर कनेक्टरमध्ये किंवा एलएनबीच्या टोपीत पाणी गेलं आहे असं समजून पुढं जा. साध्या रिमझिमीतही रोज चित्र जात असेल तर डिश आधीपासूनच काठावर चालते आहे. तिला बारीक दुरुस्ती हवी.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागं येतो. महाराष्ट्रात ही वेळ मार्चमध्ये सकाळी सव्वाअकराच्या आसपास, ऑक्टोबरमध्ये अकराच्या जरा आधी. त्या वेळी काही मिनिटं क्वालिटी कोसळते आणि आपोआप वर येते. काही करायचं नसतं.

हेच दिवस एका कामाला मात्र फार उपयोगी आहेत. त्या वेळी गच्चीवर जाऊन डिशकडे बघा. संपूर्ण डिशवर ऊन असेल तर उपग्रहाकडचा रस्ता मोकळा आहे. आंब्याच्या फांदीची, शेजारच्या नव्या मजल्याची किंवा पाण्याच्या टाकीची सावली डिशवर पडत असेल, तर तीच वस्तू सिग्नल अडवते आहे. बाकीच्या दिवसांत आग्नेय दिशेला, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर नजर लावून बघा. झाड दर वर्षी वाढतं आणि पावसाळ्यात पानं ओली असतात. डिश लावली तेव्हा मोकळी असलेली जागा चार वर्षांनी मोकळी राहत नाही.

४. कनेक्टर आणि केबल

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. कोणताही कनेक्टर काढण्या-लावण्याआधी बॉक्स रिमोटनं नव्हे, भिंतीवरच्या स्विचनं बंद करा. स्टँडबायमध्येही केबलमध्ये वीज असू शकते, आणि उघडी तार जाळीला टेकली तर बॉक्समधला एलएनबीला वीज देणारा भाग जळतो.

आधी बॉक्समागचा कनेक्टर, मग एलएनबीचा. नट फिरवून काढा आणि मधली तार बघा. ती तांब्यासारखी चकचकीत हवी. हिरवट, काळी किंवा तांबूस गंज चढलेली असेल तर खरडून भागवू नका. आरजी-६ च्या बऱ्याच केबलींत मधली तार पोलादी असते आणि वर तांब्याचा मुलामा असतो. इतक्या उच्च वारंवारतेचा सिग्नल तारेच्या पृष्ठभागातूनच वाहतो. तो मुलामा गेला म्हणजे सिग्नलचा रस्ता गेला. कोकणपट्टीत आणि गोव्यात खाऱ्या हवेमुळं हे फार लवकर होतं.

खराब टोक एक-दोन इंच कापून टाका. आतली जाळी काळी पडलेली दिसली तर पांढरीशुभ्र लागेपर्यंत कापत जा. फूटभर कापूनही काळीच निघत असेल तर केबल पाणी प्यायली आहे. ती पूर्ण बदला.

नवा कनेक्टर असा लावा :

बाहेरचं काळं किंवा पांढरं आवरण टोकापासून सुमारे १३ मिलिमीटर काढा. जाळी मागं उलटी दुमडा, एकही केस पुढं राहू देऊ नका. पन्नी आतल्या पांढऱ्या फेसाला चिकटलेली राहू द्या. मग टोकाचा साधारण साडेसहा मिलिमीटर फेस पन्नीसकट काढा, तारेला ओरखडा न पाडता. कनेक्टर आत ढकला. पांढरा फेस कनेक्टरच्या आतल्या तळाशी बरोबर समपातळीत आला पाहिजे आणि मधली तार नटाच्या कडेच्या दोन-तीन मिलिमीटर पुढं डोकावली पाहिजे. कमी असेल तर ती आत पोचत नाही, जास्त असेल तर सॉकेट बिघडवते.

पिळून बसवायचे कनेक्टर घरात चालतात. गच्चीवर ते पाणी ओढतात. बाहेरसाठी क्रिंपिंग किंवा त्याहून चांगला म्हणजे कॉम्प्रेशन कनेक्टर घ्या. त्याचं हत्यार तुमच्याकडे नसेल तर केबलवाल्याकडून दोन टोकं करून घ्या, पण हे टाळू नका.

बसवल्यावर रबरी सीलिंग टेप ताणून गुंडाळा, खालून वर, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवत. विजेच्या कामाची काळी टेप उन्हात सुटते आणि तिच्याआड पाणी साचून राहतं. कनेक्टरच्या आत सिलिकॉन भरू नका; आंबूस वासाचं सिलिकॉन धातू खातं. एलएनबीपासून निघालेल्या केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथून ठिबकेल, कनेक्टरकडे जाणार नाही.

केबल मध्येच तुटली असेल तर तारा पिळून टेप लावण्याचा जोड करू नका. दोन कनेक्टर आणि मध्ये जॉइंटर, एवढाच जोड चालतो. केबल टीव्हीचा जुना स्प्लिटर मध्ये असेल तर काढा : त्यातले बरेच एलएनबीकडे जाणारी वीज अडवतात आणि या वारंवारतेसाठी बनवलेलेच नसतात. केबल शक्यतो ३० मीटरच्या आत ठेवा.

मल्टिमीटरनं दोन मोजमापं घ्या. केबल दोन्हीकडून काढून मधली तार आणि जाळी यांच्यात कंटिन्युइटी (दोन्ही एकमेकांना जोडलेल्या आहेत का) बघा; बीप वाजता कामा नये. वाजली तर कुठंतरी शॉर्ट आहे. मग केबल बॉक्सला लावून व्हर्टिकल वाहिनीवर एलएनबीकडच्या टोकाला व्होल्ट मोजा. १३ च्या आसपास हवेत (हॉरिझाँटलला १८). मोजताना पिनांनी शॉर्ट होऊ देऊ नका. शून्य आले तर केबल तुटली आहे किंवा बॉक्स वीज देत नाही; बॉक्सच्या मागं थेट मोजलं की दोघांपैकी कोण ते कळतं.

इथं एक खाचखळगा आहे. टोक मोकळं असताना गंजलेल्या जोडातूनही मीटरवर पूर्ण १३ व्होल्ट दिसतात, कारण मीटर वीज जवळपास ओढतच नाही. एलएनबी लावल्यावर तो शंभर-दोनशे मिलिअ‍ॅम्पिअर ओढतो आणि तोच जोड मान टाकतो. म्हणजे शून्य आलं तर दोष नक्की. १३ आले तर दोष नाही असं नक्की नाही.

५. बॉक्स गच्चीवर न्या

ही पायरी लोक कंटाळून टाळतात, आणि निम्मा शोध इथंच संपतो. बॉक्स आणि एखादा छोटा टीव्ही किंवा मॉनिटर एक्स्टेन्शन बोर्ड लावून कोरड्या दिवशी डिशजवळ न्या. तयार ठेवलेल्या दोन-तीन मीटरच्या केबलनं एलएनबी थेट बॉक्सला जोडा.

चित्र आलं? डिश, एलएनबी, बॉक्स तिन्ही निर्दोष. घरापर्यंतची केबल बदला. चित्र नाही आलं तर केबलचा विचार सोडा आणि वरच्या सामानाकडे वळा. आणलेला टीव्ही खाली न्यायची घाई करू नका, पुढच्या दोन्ही पायऱ्यांत तो समोर असला की फोनवर ‘आलं का, गेलं का’ करावं लागत नाही.

६. एलएनबी

दांड्याच्या टोकाला बसवलेल्या डब्याच्या तोंडावर प्लॅस्टिकची टोपी असते. उन्हानं तिला चिरा पडतात, पक्षी चोची मारतात. आत पाणी हिंदकळत असेल, बुरशी किंवा कोळ्याचं जाळं दिसत असेल तर एलएनबी बदला. वाळवून काही दिवस चालेल, पहिल्या पावसात परत जाईल. आजूबाजूला गांधीलमाश्यांचं पोळं असेल तर आधी त्याची सोय बघा, दिवसाउजेडी हात घालू नका.

काढण्याआधी मार्करनं एलएनबीवर आणि क्लॅम्पवर मिळून एक सरळ रेघ मारा, शिवाय एलएनबी क्लॅम्पमध्ये किती आत आहे तेही खूण करून ठेवा. मोबाइलवर फोटो काढा. उपग्रह आपल्या दक्षिणेला नसून आग्नेयेला असल्यामुळं एलएनबी तिरपाच बसवावा लागतो. पश्चिम महाराष्ट्रात हा तिरपेपणा बराच असतो. ‘वाऱ्यानं वाकडा झालाय’ असं समजून त्याला सरळ केलं की क्वालिटी जाते. नवा एलएनबी त्याच खुणेवर बसवा, मग अगदी थोडा डावीकडे-उजवीकडे फिरवून क्वालिटी सर्वांत जास्त होते तिथं आवळा.

दांडा वाकला आहे का तेही बघा. कपडे वाळत घालायची दोरी डिशच्या दांड्याला बांधलेली अनेक गच्च्यांवर दिसते. ओल्या चादरींच्या वजनानं दांडा सेंटिमीटरभर झुकला तरी सिग्नल एलएनबीच्या तोंडावर पडत नाही. दोरी सोडा.

७. आता डिश

इथवर आल्यावरच पाना डिशला लावा. आधी पाइप उभा आहे का ते ओळंब्यानं दोन बाजूंनी बघा. पाइप कललेला असेल तर क्लॅम्पवरचा उंचीचा आकडा खोटा बोलतो. अँकर बोल्ट सैल असतील तर आधी ते पक्के करा. वॉटरप्रूफिंगवाले डिश उचलून बाजूला ठेवतात आणि नंतर अंदाजानं परत लावतात, तेव्हाही हीच पायरी लागते.

जीसॅट-१५ साठी दिशा आणि उंची (दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजलेली, अंशांत) :

- मुंबई : दिशा १३१, उंची ५७.५
- पुणे : दिशा १३२, उंची ५९
- कोल्हापूर : दिशा १२९, उंची ६०.५
- नागपूर : दिशा १४४.५, उंची ६०
- पणजी : दिशा १२७, उंची ६१

महाराष्ट्रात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक जवळपास नाही, त्यामुळं आकडा तसाच वापरा. मात्र होकायंत्र डिशच्या लोखंडाला चिकटून धरू नका. दोन पावलं मागं उभं राहून दूरची एखादी खूण, टॉवर किंवा झाड ठरवा आणि डिश तिकडं वळवा.

डिश बघून ती ६० अंश वर बघते आहे असं वाटत नाही, ती बरीच उभी वाटते. घरगुती डिश ऑफसेट असते : सिग्नल खालच्या बाजूच्या एलएनबीकडे परतवण्यासाठी तिचा आकारच वीस-पंचवीस अंशांनी तिरका कापलेला असतो. क्लॅम्पवरच्या मोजपट्टीत हा फरक सहसा धरलेला असतो. डिश एका कंपनीची आणि क्लॅम्प दुसरीचा असेल तर मोजपट्टीवर फार विसंबू नका.

जुनी खूण असेल तर आधी तिथंच आणा. नसेल तर उंची आकड्यावर लावून बोल्ट हलके आवळा आणि दिशेचा बोल्ट एवढाच सैल करा की डिश हातानं सरकेल पण स्वतःहून फिरणार नाही. मग दिशेच्या अंदाजाच्या दहा अंश अलीकडून पलीकडं सावकाश न्या.

सावकाश म्हणजे किती? ६० सेंटिमीटरच्या डिशची कड अर्धा सेंटिमीटर सरकली की दिशा एक अंशानं बदलते. दीड अंश चुकला तर सिग्नल सुमारे निम्मा होतो. शिवाय बॉक्सला सिग्नल ओळखायला दोन-तीन सेकंद लागतात. म्हणून अर्धा सेंटिमीटर सरकवा, हात काढा, चारपर्यंत मोजा, क्वालिटी बघा, पुन्हा सरकवा. हात काढणं महत्त्वाचं, कारण समोर उभं राहिलं की आपणच सिग्नल अडवतो आणि डिशला टेकलेला हात तिला वाकवतो. एका फेरीत नाही सापडला तर उंची एक-दोन अंश बदलून परत तीच फेरी.

शेजाऱ्याच्या डिशकडे बघून दिशा लावताना तिच्यावरचं नाव वाचा. डिश टीव्हीचा उपग्रह ९५ अंशांवर आहे, आपल्यापासून जेमतेम दीड अंशावर. टाटा प्लेचा ८३ वर, एअरटेलचा १०८.२ वर. जुनी टाटाची डिश फ्री डिशसाठी वापरायची असेल तर पुण्यात ती पूर्वेकडे वीसेक अंश वळवावी आणि सहा-सात अंश खाली उतरवावी लागते. क्वालिटी आली पण स्कॅनमध्ये दूरदर्शनच्या वाहिन्या नाहीत, तर उपग्रह चुकला आहे. किंचित पुढं-मागं सरका.

क्वालिटी आली की पहिल्या आनंदात बोल्ट आवळू नका. दिशेत ती सर्वांत जास्त कुठं होते ते शोधा : एका बाजूला कमी होईपर्यंत न्या, दुसऱ्या बाजूला तेवढीच कमी होईपर्यंत न्या, दोन्हींच्या बरोबर मध्ये आणा. मग उंचीचं तसंच. शेवटी एलएनबीचा तिरपेपणा. आवळताना डिश थोडी फिरतेच, म्हणून दोन्ही बाजूंचे बोल्ट आळीपाळीनं, अर्धा-अर्धा आटा, नजर क्वालिटीवर ठेवून आवळा. शेवटच्या आट्याला आकडा पडला तर सैल करून पुन्हा.

सगळं घट्ट झाल्यावर पाइप आणि क्लॅम्प यांच्यावरून, आणि उंचीच्या पट्टीवर, मार्करनं रेघ मारा. बोल्टांना ग्रीस लावा. डिश गंजली असेल तर रंग मॅटच लावा : चकचकीत रंगावरून मार्च-ऑक्टोबरच्या त्या दिवसांत ऊन एकवटून थेट एलएनबीच्या टोपीवर पडतं. कोरड्या, निरभ्र दिवशी ११०९० वर आलेली क्वालिटी बॉक्सच्या खाली कागदावर तारखेसह लिहून चिकटवा. पुढच्या वेळी चित्र फुटायला लागलं की आधी तो कागद आणि पडद्यावरचा आकडा शेजारी ठेवून बघा.